जुनं रीडिंग

माझे डोळे उत्तम आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात ते कुणी मानत नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर परक्या माणसांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत मी विचारते, "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं दिसत होतं?" आणि समोरचा जे सांगेल ते खरं मानते. कुणी गोंधळला तर मघाचं भिंग पुन्हा लावून दाखवते. धंद्याची रीतच आहे ती. ज्याला दिसायचं त्यालाच विचारायचं, आपण सांगायचं नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या वडिलांना उभ्या जन्मात पटली नाही.

बाबा पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासनीस होते. बिल जास्त आलं म्हणून कुणी तक्रार केली की बाबा जायचे, जुनं मीटर काढायचे, नवं बसवायचे आणि जुन्याला चिठ्ठी बांधून कचेरीच्या कपाटात ठेवायचे. "तक्रार मिटेपर्यंत जुनं मीटर हलवायचं नाही," हे वाक्य आम्ही भावंडांनी पाढ्यांच्या आधी पाठ केलं असेल. जेवतानासुद्धा ते कुणाची ना कुणाची गोष्ट सांगायचे. अमक्या साहेबानं जुनं मीटर घाईघाईनं भंगारात दिलं आणि मग कचेरीत सगळ्यांसमोर त्याची कशी फजिती झाली. "नवं मीटर दाखवून काय उपयोग? नवं बरोबरच असणार. जुनं रीडिंग दाखवा म्हटलं की भल्याभल्यांची बोबडी वळते." आई ताटात वाढता वाढता हुंकार भरायची. मला वाटायचं, माझ्या बाबांसारखा न्यायी माणूस जगात नाही.

दुर्बीण त्यांनी आमच्या लहानपणी केली. नळी म्हणजे खात्यातून निकामी निघालेला पाण्याचा जाड पाइप, पाय म्हणजे पाइपांचेच तुकडे आणि सांधे, आणि डोळा लावायचं भिंग नळाच्या पितळी तोटीत बसवलेलं. उचलायला दोन धट्टीकट्टी माणसं लागायची. नळीच्या तळाशी बसतो तो आरसा मात्र त्यांनी हातानं घासला. एक जाड गोल काच खाली, दुसरी वर, मधे ओली पूड, आणि गच्चीवर उपड्या ठेवलेल्या पिंपाभोवती बाबा कामावरून आले की गोल गोल फिरत घासत बसायचे. पुढे खालच्या काचेवर डांबराचा थर देऊन त्यावर लाल पावडर लावून पॉलिश सुरू झालं, तेव्हा ती पावडर बादल्यांना, टॉवेलांना, आमच्या गणवेशांना, सगळ्यांना लागली. आई म्हणायची, "घाण्याच्या बैलाला निदान झापडं तरी असतात." बाबा हसायचे. त्या वेळी ते हसायचे, हेही सांगायला हवं.

पॉलिश किती दिवस करायचं हे काच ठरवते, माणूस नाही. पण बाबांनी कचेरीत अख्ख्या खात्याला तारीख देऊन ठेवली होती. आदल्या दिवशी त्यांनी काच पिंपावरून उचलली आणि म्हणाले, झालं, आता वर चकाकता मुलामा दिला की आरसा तयार. आरसा बरोबर झालाय का ते बघायची एक परीक्षा असते. बारीक दिवा, दाढीचं ब्लेड आणि अंधारी खोली, एवढंच लागतं. त्यांच्या पुस्तकात ती चित्रांसकट दिली होती. आईनं म्हणे विचारलंही की ते ब्लेडचं करायचं राहिलंय ना? बाबा म्हणाले, "ब्लेड दाढीला ठीक आहे. मला देवानं डोळे दिलेत." लोकांच्या घरची मीटरं तपासण्यात हयात घालवलेल्या माणसानं स्वतःचा आरसा तपासला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कचेरीतली मंडळी गच्चीवर जमली. दुर्बीण शनीवर लावली होती. बाबा प्रत्येकाला आधी सांगायचे, "कडं दिसेल. आणि कड्याच्या आत नीट बघा, बारीक काळी रेघ आहे. टोकदार पेन्सिलीनं ओढल्यासारखी. ती दिसली पाहिजे." माणसं एकेक करून वाकली आणि एकेक करून म्हणाली, "वा!" "दिसली हो!" "कमाल आहे बुवा तुमची!" दादा माझा मोठा भाऊ. त्यानं डोळा लावला न लावला तोच ओरडला, "दिसली!" बाबांनी त्याची पाठ थोपटली.

मग माझी पाळी आली. मला स्टुलावर उभं केलं. आत एक पिवळट, थरथरणारं काहीतरी होतं, दोन्ही बाजूंना कान उगवल्यासारखं. रेघ नव्हती. मी डोळा बदलला, श्वास धरला, पुन्हा बघितलं. मागून कुणीतरी विचारलं, "काय गं, दिसलं का?" मी म्हटलं, "ढगासारखं दिसतंय."

गच्चीभर हशा पिकला. बाबा हसले नाहीत. त्यांनी मला स्टुलावरून उतरवलं आणि जरा हातच दाबला माझा. त्या दिवसापासून मी ढगू. घरात, कचेरीत, नातेवाइकांत. "ही आमची ढगू," असंच पाहुण्यांना सांगायचे. माझं खरं नाव सांगायची वेळ शाळेच्या दाखल्यावरच आली असेल.

दर वर्षी शनी संध्याकाळचा दिसायला लागला की ती परीक्षा व्हायची आणि दर वर्षी मी नापास. एकदा त्यांनी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मला इतका आनंद झाला की रस्ताभर मी पाट्या मोठ्यानं वाचत आले, अगदी पलीकडच्या कोपऱ्यावरच्यासुद्धा. घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, "डोळे ठीक आहेत. म्हणजे लक्षच नाही. हे जास्त वाईट." खोटं का बोलले नाही, असं मला अनेकांनी विचारलंय. नव्हती दिसत. नाही दिसत तर दिसली कसं म्हणायचं? हट्ट म्हणा हवं तर. बापाचाच उतरलाय.

पुढे मला शास्त्र शाखेला जायचं होतं. गुण होते, दादापेक्षा जास्तच होते. बाबा म्हणाले, "जिला समोरची रेघ दिसत नाही तिला प्रयोगशाळेत काय दिवे लावायचेत?" दादा गेला शास्त्राला. दोनदा गटांगळ्या खाऊन बाहेर पडला आणि आता विमा विकतो, छान विकतो. हो म्हणण्याची कला त्याला पहिल्यापासूनच आहे. मला ओळखीच्या चष्मेवाल्याकडे चिकटवून दिलं. तिथेच शिकले, पुढे स्वतःचं दुकान काढलं. आई गेल्यापासून बाबांचं सगळं मीच बघते. जेवण, औषधं, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं. थेंब घालताना ते निमूट मान वर करतात. तेव्हा त्यांना माझी नजर चालते.

यंदा दादानं ठरवलं की बाबांना त्याच्याकडे न्यायचं. त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे, आमच्याकडे जिने चढणं बाबांना जड जायला लागलं होतं. बाबा तयार झाले. फक्त गच्चीवरच्या खोलीत त्या गंजलेल्या पाइपाशेजारी जाऊन बसायला लागले. दादा म्हणाला, "ते धूड आता भंगारात देऊन टाक." मी म्हटलं, "थांब. मी नीट करते. हलकी करून देते, घेऊन जातील बरोबर."

ज्यानं त्यानं माझं कौतुक केलं. लेक असावी तर अशी, म्हणाले. लोकांना काय कळतंय! मला एक वाक्य हवं होतं. बाबांच्या तोंडून, त्यांचे डोळे आणि डोकं शाबूत आहेत तोवर. 'ढगू, तेव्हा ती रेघ दिसत नव्हती.' बस. माफी नको, रडणं नको. एवढं एक वाक्य घेऊन मी त्यांना खुशाल दादाच्या गाडीत बसवलं असतं.

कामाला लागले. स्क्रू गंजून बसलेले, रॉकेलमध्ये भिजवून एकेक काढला. नळीत कोळ्यांनी संसार थाटले होते. पाइप आणि पाइपाचे पाय मी बाजूला काढले. त्यांच्या जागी जाड पुठ्ठ्याची नळी आणली, सिमेंटचे खांब ओतायला वापरतात तसली, आणि सुताराकडून प्लायवूडचं खोकं करून घेतलं. नळी त्या खोक्यात पाळण्यासारखी टेकते, एका बोटानं ढकलली की फिरते, खुर्चीत बसूनही बघता येतं. पितळी तोटीच्या जागी दातेरी चाकाचा नवा भाग बसवला, बारीक फिरवला की चित्र जागेवर येतं. नेम धरायला वर छोटी दुर्बीण. आरशावर झाकण. बाबा रोज खुर्ची टाकून बसायचे आणि नाकानं कांदे सोलायचे. "दुर्बीण आहे की कपाट? सुताराला काय कळतंय? पाइपाला काय धाड भरली होती?" मी स्क्रू पिळत राहायचे. खरं सांगू का, मजा येत होती मला. दुकानातून आल्यावर कधी एकदा हात काळे करते असं व्हायचं. आणि मजा येतेय याचाही राग यायचा.

आरसा पार आंधळा झाला होता, मुलामा उडून डाग पडलेले. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक आरसेवाला आहे, दुर्बिणींचे आरसे घासून देतो, मुलामा चढवून आणतो. बोलण्यात महाकंजूष. त्यानं आरसा हातात घेतला, तिरका करून बघितला आणि म्हणाला, "मुलामा देण्याआधी तपासलेला बरा. कुणी घासलाय?"

"वडिलांनी."

"तपासला होता?"

मी नाही म्हटलं. तो मला आतल्या अंधाऱ्या बोळात घेऊन गेला. एका टोकाला आरसा उभा, दुसऱ्या टोकाला बारीक भोकातून येणारा प्रकाश आणि स्टँडवर एक ब्लेड. तेच, पुस्तकातलं. त्यानं आधी स्वतः बघितलं, मग बाजूला सरकून म्हणाला, "बघा. काय दिसतंय ते सांगा."

मला क्षणभर गच्चीवरचं ते स्टूल आठवलं. ब्लेडच्या कडेशी डोळा नेला. समोर आरसा उजळला होता आणि त्याच्यावर सावल्या पडल्या होत्या. मी जे दिसलं ते सांगितलं. मधे टेकाड आहे. भोवती खळगा. आणि अगदी बाहेरची कड खाली वळलीय, वाकलेल्या ताटलीसारखी.

"नजर चांगली आहे तुमची," आरसेवाला म्हणाला. "बऱ्याच जणांना पहिल्यांदा काही कळत नाही."

मग मी विचारलं, या आरशातून शनीच्या कड्यातली काळी रेघ दिसेल का? त्यानं मानच हलवली. "शनी ओळखू येईल. कडं आहे हेही कळेल. रेघ शक्यच नाही. पॉलिश अर्धवट सोडलंय. कुणालाच दिसली नसणार."

कुणालाच. ते सगळे वा वा करणारे, तो पाठ थोपटून घेणारा, आणि स्वतः बाबा. एवढ्या माणसांत एका पोरीनं खरं सांगितलं होतं. घरी येताना बसमध्ये माझ्या डोळ्यांना धार लागली. बाजूची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आरसेवाल्यानं दोन रस्ते सांगितले. एक, आरसा आहे तसाच ठेवायचा, वर नवा मुलामा द्यायचा, आणि कड झाकायला मधे मोठं भोक असलेली पुठ्ठ्याची चकती लावायची. थोडं सुधारेल. दुसरा, पुन्हा पॉलिश करून आकार बरोबर करायचा. "मग रेघ दिसेल. हवा शांत असली तर खणखणीत दिसेल. पण एकदा हात लावला की जुना आकार गेला. काढायचं असतं केसाच्या जाडीहून कितीतरी कमी, पण गेलं ते गेलं. आधी कसा होता, ते नंतर कुणालाही सांगता येणार नाही." मग म्हणाला, "वडील असतील तर एकदा आणा त्यांना. ब्लेडमधून बघू देत. नाहीतर मोबाइलवर फोटो काढून ठेवा."

मी म्हटलं, "फोटो कशाला? माझे वडील आंधळे नाहीत. नवा आरसा बघितला की त्यांचं त्यांनाच कळेल."

हे मी बोलले. मीटर तपासनिसाची मुलगी. पाढ्यांच्या आधी पाठ केलेलं वाक्य त्या वेळी माझ्या डोक्यात फिरकलंसुद्धा नाही. मला वाटत होतं, त्यांना त्या बोळात आणून, ब्लेडपुढे वाकवून, बघा बघा करून वदवून घेतलेलं वाक्य मला नको. त्यांनी आपणहून म्हणायला हवं. माणसाला चांगलं दिसलं की आधी वाईट दिसत होतं हे कळतंच, असा माझा धंद्यातला अनुभव. गिऱ्हाइकं नवा चष्मा घालून आरशात बघतात आणि म्हणतात, अहो, इतके दिवस मला काहीच दिसत नव्हतं की! रोज ऐकते मी हे. पण गिऱ्हाइकाला चष्म्याचा अभिमान नसतो.

दादाला फोन करून सांगितलं. तो हसायलाच लागला. "अगं, मला कधीच दिसली नाही ती रेघ. एकदाही नाही."

"मग दिसली दिसली म्हणून नाचत कशाला होतास?"

"सुटका व्हायची. दिसली म्हटलं की पाठीवर थाप, आणि मी खाली खेळायला मोकळा. तू वेडी होतीस, खरं सांगत बसायचीस."

"दादा, त्या रेघेवर माझं शिक्षण गेलं."

तो म्हणाला, "एवढं काही नसतं गं. चांगलं चाललंय की तुझं." तळपायाची आग मस्तकात गेली. तरी म्हटलं, "तू येशील तेव्हा बाबांसमोर हे सांगशील?" तो म्हणाला, "बघू ना." दादाचं 'बघू ना' म्हणजे काय ते मला कळायला हवं होतं. पण मी आशेवर होते. आशेवर असलं की माणूस बहिरा होतो.

आरसा तयार होऊन आला. दादा बाबांना न्यायला आला त्या संध्याकाळी आकाश स्वच्छ होतं, वारा पडलेला. आम्ही दोघांनी बाबांना धरून गच्चीवर नेलं. अंधार पडला तसा मी शनी धरला. आधी स्वतः बघितलं नाही. पहिला मान त्यांचा. पुठ्ठ्याच्या नळीवर हात फिरवून बाबा म्हणाले, "हलकीच आहे फार. टिकेल का?" मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी डोळा लावला.

त्यांनी डोळा काढलाच नाही. नेहमी ते डोळा लावायचे, 'हं' म्हणायचे आणि पुढच्याला बोलवायचे. आज त्यांचा हात नळीवर घट्ट धरला गेला. तोंड अर्धवट उघडं राहिलं. मग त्यांनी मान मागे घेतली, दुर्बिणीच्या तोंडाकडे बघितलं, तिथे कुणी चित्र तर लावलं नाही ना असं, आणि पुन्हा डोळा लावला. मी त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर उभी होते. त्यांना कळलं होतं. मी शपथेवर सांगते, त्या क्षणी त्यांना सगळं कळलं होतं.

"काय बाबा?" मी विचारलं.

त्यांनी घसा खाकरला. "तशीच आहे," म्हणाले. "अगदी तेव्हा होती तशीच. रेघ बघा कशी लख्ख."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. "तशीच कशी असेल बाबा? आरसा मी पुन्हा घासून आणलाय. जुना आरसा चुकला होता. कड वळलेली होती. त्यातून रेघ दिसणं शक्यच नव्हतं."

"कोण म्हणतं?"

"ज्यानं घासला तो आरसेवाला."

"तो म्हणणारच!" बाबा खुर्चीत ताठ झाले. कचेरीतला आवाज लागला त्यांना. "दुरुस्तीवाला कधी सांगतो का, की आधीचं ठीक होतं म्हणून? आयुष्य गेलं माझं असल्या लोकांत. मुलामा उडाला होता, तो तू चढवून आणलास. चांगलं केलंस. बाकी आरसा मी केलाय."

"मी स्वतः बघितलं बाबा. ब्लेडमधून. माझ्या डोळ्यांनी."

"तुझ्या डोळ्यांनी," ते म्हणाले. मग जरा मऊ आवाजात, तक्रारदाराला समजवायचे तसं म्हणाले, "बरं, जुनं रीडिंग आहे का तुझ्याकडे? दाखव. मी मान्य करतो."

माझ्याकडे काय होतं? एक लख्ख नवा आरसा. नवं बरोबरच असणार. जुनं मी माझ्या हातांनी, माझ्या खर्चानं, डांबरावर लाल पावडर लावून पुसून आणलं होतं. खात्यातल्या त्या साहेबाची फजिती ऐकून लहानपणी मी पोट धरून हसले होते.

"दादाला विचारा," मी म्हटलं. "दादा, सांग ना. फोनवर म्हणालास ते सांग."

दादा कठड्याला टेकून उभा होता. बाबांनी मान वळवली. "काय रे? तुला तर पहिल्याच दिवशी दिसली होती. स्टूलसुद्धा लागलं नव्हतं तुला."

दादानं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्याला सकाळी लवकर निघायचं होतं. पुढची सगळी वर्षं त्याला त्यांच्याबरोबर एका घरात काढायची होती. "हो बाबा," तो म्हणाला. "दिसली होती की."

बाबांनी समाधानानं मान डोलावली. मग खुर्चीवरून उठले, कुणाचा हात न धरता, आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "ये ढगू. बस. घाई करू नको. कड्याच्या आत बघ, बारीक काळी रेघ आहे."

मी बसले. शनी तिथे होता, कापून ठेवल्यासारखा. कड्यात ती रेघ. टोकदार पेन्सिलीनं ओढल्यासारखीच, दोन्ही बाजूंना, इतकी स्पष्ट की तिच्याकडे बघवेना. इतक्या वर्षांनी ती मला भेटत होती आणि मला धड आनंदही होईना. नाही म्हणावं, असं मनात आलं. दिसत नाही, ढगच दिसतोय, म्हणावं आणि त्यांच्या तोंडावरचं ते समाधान पुसून टाकावं. पण पुसलं नसतंच ते. दिसत नाही म्हटलं असतं तरी तेच खरे आणि दिसते म्हटलं तरी तेच खरे. आणि समोर रेघ होती. आहे ती नाही कशी म्हणायची?

"दिसली?" बाबांनी विचारलं.

"दिसली," मी म्हटलं.

"शाब्बास!" त्यांचा हात माझ्या पाठीवर पडला. एकदा, दोनदा, जोरात. आयुष्यात पहिल्यांदा. "बघ, लक्ष दिलं की दिसतं. मी काय सांगत होतो इतकी वर्षं?"

ती थाप मला हवीच होती. याचीच सगळ्यात जास्त चीड येते. पाठ आपोआप ताठ झाली माझी.

बाबांनी खिशातून फोन काढला आणि कचेरीतल्या त्यांच्या जुन्या मित्राला लावला. तोही त्या पहिल्या संध्याकाळी गच्चीवर होता, वा वा म्हणाला होता. त्याला कमी ऐकू येतं म्हणून बाबा ओरडून बोलत होते. "अरे, आमच्या ढगूला दिसली! हो, हो, एकदाची दिसली!" पलीकडून हसल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. दादा म्हणाला, "चला, खाली जाऊ या आता, गार पडलंय." मी आरशावर झाकण बसवलं. नवंच करून घेतलं होतं, अगदी घट्ट बसलं.